पहिली आयपीएससी मॅच: कुठली पिस्तूल, कुठली डिव्हिजन?

नवखा_नेमबाज: पुढच्या महिन्यात पहिलीच आयपीएससी मॅच (पळत-हलत, वेळ लावून करायची नेमबाजी स्पर्धा) आहे, माझ्याकडे साधी ९ एमएमची ग्लॉक १७ आहे, सगळे म्हणतायत रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी साइट) लाव आणि ऑप्टिक्समध्ये, म्हणजे अशा साइटवाल्या पिस्तुलांच्या डिव्हिजनमध्ये (गटात) जा, खरंच गरज आहे का?

जुना_रेंजवाला: अजिबात नाही. आहे तीच घेऊन प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे साध्या साइटच्या पिस्तुलांच्या गटात उतर. तिथे सगळ्यांचं स्कोअरिंग मायनर (कमी ताकदीच्या गोळीचं), म्हणजे टार्गेटवरच्या मधल्या ए झोनला ५, सी ला ३, बाहेरच्या डी ला १ पॉइंट, त्यामुळे मोठ्या कॅलिबरवाल्याला जादा पॉइंट मिळत नाहीत आणि तुझी ९ एमएम कुठे कमी पडत नाही. स्टार्टचा सिग्नल होताना प्रत्येक मॅगझिनमध्ये जास्तीत जास्त १५ च राउंड (गोळ्या) चालतात हे लक्षात ठेव, निदान चार मॅगझिन ने, आणि होल्स्टर (कमरेचं पिस्तुलाचं म्यान) ट्रिगर पूर्ण झाकणारं घट्ट हवं, पैसे तिथे घाल.

दुपारची_प्रॅक्टिस: +१. डॉट छान असतो पण ड्रॉ (होल्स्टरमधून पिस्तूल काढून नेम धरणं) पक्का नसेल तर डॉट शोधण्यातच वेळ जातो, माझं पहिल्यांदा तेच झालं. आणि हो, रिलोड करताना, पळताना बोट ट्रिगरबाहेर, नळी टार्गेटच्या दिशेपासून ९० अंशांच्या आतच, नाहीतर थेट डीक्यू (मॅचमधून बाद).

नवखा_नेमबाज: मग प्रॉडक्शनच. आजपासून रोज ड्राय फायर (रिकाम्या पिस्तुलाने सराव), गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून.