चर्चा : तेलविहिरी नेटवर्कला जोडल्याने कामकाज खरोखर सुधारते का?

दांडापंप :
विहिरी, पंप आणि पाइपलाइन सेन्सरद्वारे एकमेकांशी जोडणे ही यंत्रविक्रेत्यांनी लावलेली हौस आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझे मत नेमके उलट आहे. दूरवर विखुरलेल्या विहिरींसाठी याहून फायद्याचा खर्च मला दिसत नाही.

रॉड पंपाचेच, म्हणजे विहिरीत सोडलेला लांब दांडा वर-खाली करून तेल उपसणाऱ्या पंपाचेच पाहा. दांडा वर-खाली होताना त्यावर येणाऱ्या भाराचा आलेख म्हणजे डायनामोमीटर कार्ड. पंप पूर्ण भरत असेल, तर ही आकृती भरीव चौकोनासारखी उमटते. तळाशी द्रव कमी जमू लागला, की दांडा खाली येऊ लागला तरी भार उतरत नाही, प्लंजर, म्हणजे दांड्याच्या टोकाचा दट्ट्या, पोकळीतून घसरून द्रवावर आदळतो आणि आकृतीचा उजवीकडचा खालचा कोपरा कुरतडल्यासारखा दिसतो. मिनिटाला ८ फेऱ्या धरल्या, तरी असे तडाखे दिवसाला ११,५२० बसतात. पाळीवरचा माणूस फिरत फिरत त्या विहिरीपाशी पोहोचेपर्यंत दांडा तुटलेला असू शकतो. जोडलेली विहीर मात्र हे पहिल्याच तासात कळवते.

जुनी पाळी :
कार्डाचे वर्णन अचूक आहे. निष्कर्ष मात्र पटत नाही. द्रव संपला की पंप थांबवणारा आणि काही वेळाने पुन्हा सुरू करणारा कंट्रोलर विहिरीच्या तोंडाशीच बसवलेला असतो आणि त्याला नेटवर्कची गरज नसते. त्याचे श्रेय आपण जोडणीच्या खात्यावर टाकले आहे.

शिवाय पंपात वायू शिरला, तरी तोच कोपरा जातो. फरक एवढाच, की तेथे रेषा एकदम न कोसळता वळण घेत उतरते. भार मोजणारे उपकरण जरा सरकले असेल, तर दूरच्या पडद्यावर हा फरक ओळखणे कठीण होते. विहिरीपाशी गेलेल्या माणसाला मोटरच्या घसरणाऱ्या पट्ट्याचा आवाज येतो आणि स्टफिंग बॉक्समधून, म्हणजे विहिरीच्या तोंडाशी दांड्याभोवती असलेल्या सीलमधून, ठिबकणारे तेल दिसते.

माहिती कमी पडते, असेही नाही. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात मकोंडो विहिरीचा स्फोट होऊन ११ जण मेले, तेव्हा ड्रिलिंगची आकडेवारी किनाऱ्यावर पोहोचत होतीच. ड्रिल पाइपमध्ये १,४०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब दिसत असताना त्याच विहिरीला जोडलेल्या किल लाइन या नळीतून प्रवाह येत नव्हता. ही विसंगती समोर असूनही विहीर नीट बंद झाली आहे का, हे पाहणारी चाचणी यशस्वी मानली गेली.

नियंत्रणकक्ष :
पत्र आले, पण कोणी उघडले नाही, यात पोस्टमनचा काय दोष? मकोंडोतून निघतो तो धडा आकडे पाहण्याची जबाबदारी कोणावर टाकायची, याचा आहे.

माहिती न जोडल्याने काय होते, तेही पाहावे. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल प्लॅटफॉर्मवर एका पंपाची दुरुस्ती आणि त्याच पंपाची काढून ठेवलेली सुरक्षा झडप यांचे परवाने दोन वेगळ्या कागदांवर होते. रात्रपाळीला झडप काढल्याचे कळलेच नाही, त्यांनी पंप सुरू केला, गळती होऊन स्फोट झाला आणि १६७ माणसे गेली. दोन्ही परवाने एकाच प्रणालीत असते, तर तो पंप सुरू करू नये, हे त्या पाळीला कळले असते.

उत्तर समुद्रातील इवार ओसेन प्लॅटफॉर्मचे नियंत्रण जानेवारी २०१९ मध्ये नॉर्वेतील ट्रॉन्डहाइमला, म्हणजे किनाऱ्यावर, हलवण्यात आले. प्लॅटफॉर्मवर माणसे राहिली. पडद्यासमोर बसण्याचे काम तेवढे तेथून गेले.

झडपरक्षक :
दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटली आहे. २०१७ मध्ये सौदी अरेबियातील एका पेट्रोकेमिकल प्रकल्पात ट्रायटन नावाचे घातक सॉफ्टवेअर थेट सुरक्षा कंट्रोलरपर्यंत पोहोचले होते. त्या कंट्रोलरने प्रकल्प आपोआप बंद केला, म्हणून ते उघडकीस आले. माहिती बाहेर जाऊ द्यावी. आपत्कालीन बंद करणाऱ्या यंत्रणेपर्यंत बाहेरून आज्ञा पोहोचण्याची वाटच असू नये.

दांडापंप :
कंट्रोलरबाबतचा आक्षेप मान्य आहे. मी दोन गोष्टींची सरमिसळ केली. मात्र तो कंट्रोलर पंप थांबवतो आणि गप्प बसतो. बिघाडाने बंद पडलेली विहीर तीन दिवस तशीच राहिली, तर ते कोण सांगणार? शेकडो विहिरींपैकी आज प्रथम कोठे जायचे, हे ठरवता येणे हाच माझ्या मते जोडणीचा खरा उपयोग आहे.

जुनी पाळी :
एवढ्यापुरते आपले जमेल, पण माझी अट अशी : कक्षातून पंप बंद करता यावा, बिघाडाने थांबलेला पंप मात्र शेजारी उभ्या असलेल्या माणसानेच सुरू करावा. दुरुस्ती करणाऱ्याचा हात यंत्रात आहे की नाही, हे कोणत्याही कार्डावर उमटत नाही.

नियंत्रणकक्ष :
जमिनीवरील विहिरींसाठी ही अट मान्य आहे. वादळात बोट पोहोचू शकत नाही अशा मानवरहित प्लॅटफॉर्मवर ती पाळली, तर उत्पादन कित्येक दिवस बंद राहील. तेथे कॅमेऱ्याने पाहणी करून पंप सुरू करण्याची मुभा मी मागेन.

जुनी पाळी :
कॅमेऱ्याची काच मिठाने धुरकटली नसेल, तर.