मदत हवी आहे: पहिल्या महायुद्धात कुटला (आजचा इराक) कैद झालेल्या सुभेदारांची नोंद कुठे मिळेल?
नमस्कार मंडळी. आजोबांचे चुलते ११० व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत सुभेदार होते. नोव्हेंबर १९१५ ला टेसिफोनच्या लढाईत मांडीत गोळी. जखम भरते न भरते तोच कुटचा वेढा, आणि २९ एप्रिल १९१६ ला तुर्कांच्या कैदेत. (आजी सगळ्यालाच 'बसऱ्याची लढाई' म्हणायची.) घरी एकच पदक आहे, कडेवर हुद्दा, नाव नि पलटण कोरलेली. जिनिव्हाच्या रेडक्रॉसची कैद्यांची कार्डं चाळली, पण आपल्या नावांची स्पेलिंगं दहा तऱ्हांची! १९२२ ला ही पलटण ३/५ मराठा (पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन) झाली. मग सर्व्हिस रेकॉर्डसाठी अर्ज बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला करायचा की दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात? कुणी केलाय का? नातं दाखवायला कोणते कागद जोडलेत?