तारा मिशेलिनचा, बिल मात्र खानावळीचं

मिशेलिन या हॉटेलं-रेस्टॉरंटांच्या गाईडचा तारा म्हणजे खिशाला भगदाड, असं लोक म्हणतात. टोकियोतल्या रामेनला, म्हणजे रश्शातल्या जपानी नूडल्सना, हे लागू नाही. 2016 च्या गाईडमध्ये टोकियोच्या सुगामो भागातल्या त्सुता या दुकानाला तारा मिळाला, रामेनच्या दुकानाला जगात पहिल्यांदाच. पुढच्या वर्षी तिथल्याच ओत्सुका भागातल्या नाकिर्यूला.

मी 2018 ला नाकिर्यूत गेलो होतो. ओत्सुका स्टेशनवरून चालत पाचेक मिनिटं, बाहेर रांग. दीड तास उभा होतो, पायांचे तुकडे पडले. आत जेमतेम दहा खुर्च्या. आधी मशीनमध्ये पैसे टाकून कुपन घ्यायचं, ते काउंटरवर ठेवायचं, बस्स. टिप वगैरे भानगड नाही.

इथलं तानतानमेन, म्हणजे तिखट, तिळाच्या पेस्टचं रामेन, खायचं. मूळ चीनमधल्या सिचुआन प्रांताचं, पण तिकडे ते बहुतेक कोरडंच असतं. जपानात चेन केनमिन या शेफनी त्याला रस्सा दिला. वर मिरचीच्या तेलाचा लाल तवंग, थेट आपल्या मिसळीच्या कटासारखा! चमचा खाली घातला की तिळाची दाट पेस्ट वर येते, मग मागून व्हिनेगरचा आंबटपणा. नूडल्स बारीक, सरळ. खिमा डुकराचा असतो, न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

भुरके बिनधास्त मारा, तिथे सगळेच मारतात. फक्त वाडगा संपल्यावर गप्पा मारत बसू नका, मागे रांग असते.

बिल तेव्हा हजार येनच्या आत आलं, म्हणजे तेव्हाच्या सहाशेएक रुपयांच्या आत. रामेन हजाराच्या वर गेलं की तेव्हा गिऱ्हाईक नाक मुरडायचं, याला तिकडे ‘हजार येनची भिंत’च म्हणतात.