मदत हवी आहे : मोटरहोमच्या हेवी ड्यूटी शॉकअपची चाचणी आणि सेटिंग

नमस्कार,

मिनीबसच्या चासीवर बांधून घेतलेल्या आमच्या मोटरहोमच्या मागच्या शॉकअपचे (शॉक ॲब्सॉर्बरचे) सेटिंग ठरवण्यात मी अडलो आहे. मुक्काम कोल्हापूर. गाडीला पुढे-मागे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा आहेत. पाण्याची टाकी भरून, गॅस, भांडीकुंडी आणि घरातली माणसे यांच्यासह शिरोलीजवळच्या भुईकाट्यावर दोन्ही ॲक्सल वेगवेगळे तोलले, तेव्हा पुढे १,७८० किलो आणि मागे २,९६० किलो वजन भरले.

मागे बसवलेल्या नव्या शॉकअपमध्ये फक्त रिबाउंड, म्हणजे दबलेला पाटा परत उघडतानाचा विरोध, कमी-जास्त करता येतो. त्यासाठी शॉकअप गाडीवरून उतरवून, पूर्ण दाबून दांडा फिरवावा लागतो, त्यामुळे सेटिंग वारंवार बदलून पाहणे सोपे नाही. सर्वांत मऊ सेटिंगवर पुणे-बंगळूर महामार्गावरच्या पुलाचा सांधा ओलांडला की मागचा भाग बराच वेळ हेलकावत राहतो. सर्वांत कडक सेटिंगवर तो हेलकावा लगेच थांबतो. मात्र गगनबावड्याच्या रस्त्यावर लागोपाठ खड्डे किंवा रम्बलरचे पट्टे आले की प्रत्येक धक्का आधीच्यापेक्षा जोराचा बसतो आणि शेवटी खालून आदळल्याचा आवाज येतो.

गॅरेजमध्ये बंपर दाबून सोडतात आणि त्यावरून निर्णय देतात. मोटारीला ही पद्धत थोडीफार चालत असेल, परंतु पाच टनांच्या जवळ जाणाऱ्या गाडीत माणसाच्या जोराने पाट्यांमधले घर्षणसुद्धा सुटत नाही, मग शॉकअप हलणार कुठून? मागची बाजू बसली आहे म्हणून आणखी कडक शॉकअप घ्या, हा सल्लाही मला पटत नाही, कारण वजन पेलणे हे पाट्यांचे काम आहे आणि शॉकअप फक्त हालचालीतली ऊर्जा तेलातून उष्णतेच्या रूपाने घालवतो.

म्हणून मी आकडेमोड केली. मोबाइलच्या सेन्सरवर मागच्या भागाचे सेकंदाला साधारण १.६ हेलकावे दिसतात. चाके, हाउसिंग वगैरे वगळून पाट्यांवरचे वजन सुमारे २,५०० किलो धरले आणि हेलकावा अजिबात उलटू नये यासाठी जेवढा विरोध लागेल त्याच्या २५ टक्के विरोध पुरेसा मानला, तर ०.५२ मीटर प्रतिसेकंद वेगाला दाब (पाटा दबतानाचा विरोध) आणि रिबाउंड यांची सरासरी प्रत्येक शॉकअपमागे ३,३०० न्यूटनच्या आसपास येते. आमचे शॉकअप उभ्या रेषेपासून ३० अंश कललेले आहेत, त्यामुळे हाच आकडा ४,४०० न्यूटनपर्यंत जातो. हा वेग निवडण्याचे कारण असे की, शॉकअप तपासण्याच्या मशीनवर १०० मिलिमीटर स्ट्रोक (दांड्याची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची हालचाल) आणि मिनिटाला १०० फेऱ्या ठेवल्या की कमाल वेग तेवढाच मिळतो.

पाट्यांचे घर्षण आधीच थोडा विरोध करत असताना २५ टक्के हे प्रमाण जास्त होते का? आणि सुटे शॉकअप मशीनवर लावून आलेख घेताना नेमके काय मागावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

आपले गणित बरोबर आहे आणि २५ टक्के हे प्रमाणही सुरुवातीला योग्य आहे. घर्षण लहान हालचालीत जाणवते. मोठ्या हेलकाव्यात त्याचा वाटा कमी होतो, म्हणून त्यासाठी आकडा फार खाली आणू नका.

आपण दिलेल्या वर्णनात कडक सेटिंगचा दोष स्पष्ट दिसतो. रिबाउंड जास्त झाला की पुढचा खड्डा येण्याआधी पाटा पूर्ण उघडत नाही, गाडी दर धक्क्याला थोडी थोडी खाली बसत जाते आणि अखेर ॲक्सल रबरी स्टॉपरवर आदळतो. ही शंका तपासण्यासाठी शॉकअपच्या उघड्या दांड्यावर प्लॅस्टिकचा टाय घट्ट बसवा आणि त्याच रस्त्यावरून, तेवढ्याच वजनाने व वेगाने गाडी न्या. टाय कुठवर सरकला त्यावरून शॉकअप किती दबला ते मोजता येईल. दांड्यावर धूळरोधक नळी असल्यास स्टॉपरला ग्रीस लावून ॲक्सलवर त्याचा ठसा उमटतो का, ते पाहा.

मशीनवर एकाच वेगाचा आकडा घेऊ नका. तोच स्ट्रोक ठेवून मिनिटाला २५, ५० आणि १०० फेऱ्यांना दाब व रिबाउंड वेगवेगळे नोंदवून मागा, म्हणजे ०.१३, ०.२६ आणि ०.५२ या तिन्ही वेगांचे आकडे हातात येतील. डाव्या-उजव्या शॉकअपचे आकडे शेजारी ठेवा, कारण दोघांत मोठा फरक असेल तर सेटिंगला हात लावण्यात अर्थ नाही. रिबाउंड दाबाच्या दुप्पट ते तिप्पट असणे नेहमीचे आहे. आपल्याकडे तो त्याहून फार वर गेला असेल तर मधल्या सेटिंगपासून सुरुवात करा आणि त्याआधी बुश, पाट्यांचे यू बोल्ट व टायरमधली हवा पाहून घ्या.