उन्हात इलेक्ट्रिक गाडीचं फास्ट चार्जिंग मधेच का मंदावतं?

प्रश्न: ४२ डिग्रीत फुल लोड घेऊन घाट चढून आलो, लगेच चार्जिंगची गन लावली तर दहा मिनिटांत स्पीड निम्मा आणि पंखे नुसते घोंघावतायत, बॅटरी गेली का हो?

उत्तर: नाही हो, बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) मुद्दाम करंट कमी करतं. बॅटरीतल्या सेलला साधारण २० ते ४० डिग्री मानवतं आणि करंट दुप्पट केला की आतली उष्णता चौपट होते, त्यात तुमची बॅटरी घाटातच तापलेली. शक्य असेल तर पहाटे चार्ज करा.

उत्तर: कंडेन्सरची (कूलिंगची उष्णता बाहेर टाकतो तो) जाळी बघा आधी! माझ्या गाडीत धूळ नि किडे गच्च बसलेले, मऊ ब्रशने काढल्यावर फरक पडला. प्रेशरने पाणी मारू नका, फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) वाकतात.

उत्तर: कूलंटची (बॅटरी थंड ठेवणाऱ्या द्रवाची) लेव्हलपण बघा. बॅटरी ८० टक्के भरल्यावर चार्जिंग तसंही हळूच होतं.