माडावरून पडलेल्या भावासाठी रोबोटवर चालायचं पॅकेज घ्यावं का?

आगरातली
दादा गणपतीच्या आधी नारळ पाडताना माडावरून पडला. डी-12 चा, म्हणजे कमरेच्या लगेच वरचा मणका मोडला. रॉड-स्क्रू घातलेत, पाच महिने झाले. कागदावर 'एशिया सी' लिहिलंय, म्हणजे इजेच्या खाली थोडी हालचाल उरलीय, पण ताकद कमी. उजवी मांडी अंथरुणावर सरकवतो, डाव्या पायाचा नुसता अंगठा हलतो. पुण्याच्या एका सेंटरने लोकोमॅटच्या, म्हणजे पाय चालवणाऱ्या रोबोटच्या, 24 सेशनचं पॅकेज सांगितलंय. आई म्हणते, आगराचा तुकडा काढू. व्हिडिओत सगळे चालतात हो. दादा चालेल का?

खुर्चीवाला
ताई, आगराला हात लावू नका, आधी वाचा. माझंही डी-12, माझंही 'सी'. टेम्पो उलटला त्याला सहा वर्षं झाली. त्याच यंत्रावर 20 सेशन केली. जांघेतून पट्टे घालून वर टांगतात, पायांना यंत्राचे पाय बांधतात, खालून ट्रेडमिल सरकतो. पहिल्या दिवशी आरशात स्वतःला चालताना पाहिलं आणि बायकोला व्हिडिओ कॉल. दोघंही रडलो. तिसऱ्या दिवशी कळलं, मी काहीच करत नाहीये! डुलकी लागली असती तरी यंत्राने चालवलंच असतं. थेरपिस्टला म्हटलं, यंत्राची ओढ कमी करा. केली, आणि दहा मिनिटांत बनियन भिजलं. पैसे वसूल झाले ते त्या दिवसापासून.

दुसरं, नडगीला पट्टा घासून फोड आला. मला पत्ताच नाही, घरी बायकोने मोजा काढला तेव्हा दिसला. तीन आठवडे सगळं बंद. आता व्यायाम झाला की हातआरशात नडगी, घोटे, बसायची जागा बघतोच.

आज कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) लावून वॉकरवर संडासापर्यंत जातो. बाजारात खुर्ची. हे यंत्रामुळे की पॅरलल बारमधल्या रोजच्या झटापटीमुळे, छातीठोक सांगणार नाही.

फिजिओ_मिरज
2006 साली अमेरिका-कॅनडातला एक अभ्यास आला होता, 146 रुग्णांचा. निम्म्यांना टांगून ट्रेडमिलवर चालवलं (पाय थेरपिस्ट हलवायचे, रोबोट नव्हता), निम्म्यांना तितकाच सराव जमिनीवर. 'सी' आणि 'डी'वाले ('डी' म्हणजे 'सी'पेक्षा जास्त ताकद उरलेले) दोन्हीकडचे बरेच जण चालले, गटागटांत फरक पडला नाही. म्हणून यंत्र नाही तर काहीच नाही, असं समजू नका. पण पाच महिने म्हणजे सुधारणेचा काळ अजून हातात आहे, रोजचा व्यायाम एक दिवसही चुकवू नका.

यंत्रावर चढवण्याआधी हाडांची घनता तपासा. हालचाल गेलेल्या पायांची हाडं काही महिन्यांतच ठिसूळ होतात. उभं केल्यावर बीपी पडतो का, कुठे जखम आहे का, तेही. आणि पॅकेज नको, पाच सेशनचेच पैसे भरा. प्रत्येक वेळी यंत्राने अंगाचं किती वजन उचललं, गाइडन्स (यंत्राची ओढ) किती ठेवला, हे लिहून मागा.

आगरातली
सेंटरला फोन केला. हाडांचं विचारलं तर म्हणाले, आधी ॲडव्हान्स भरा, मग बघू. आई गप्प झाली.
दादाला सगळं वाचून दाखवलं. तो खुर्चीवाल्यांना विचारतोय, संडासातला धरायचा बार किती उंचीवर लावलाय?