घरचं बीपी मशीन: कोणतं घेतलंत, कसं मोजता?

ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, आता घरोघरी बीपीचं मशीन आलंय. ते घेताना नेमकं काय बघायचं हे मात्र कुणी धड सांगत नाही. दुकानदार ऑफर सांगतो, नातेवाईक आपल्याकडच्या मशीनची शिफारस करतात. घरी आणून लागोपाठ तीनदा मोजलं की तीन वेगळे आकडे येतात आणि सगळेच गोंधळतात. आकडे वेगळे येणारच, रक्तदाब मिनिटामिनिटाला हलतो. त्यातून डॉक्टरांपुढे ठेवण्याजोगं काही हाती कसं लागेल, ते महत्त्वाचं.

त्यासाठी हा अनुभव धागा. मशीनचं नुसतं नाव नको. कुणासाठी घेतलं, पट्टा नीट बसला का, केव्हा मोजता, त्या आकड्यांवरून डॉक्टरांनी काय ठरवलं, तेही लिहा. गोळ्यांची नावं आणि डोस कृपया टाळा. वाचून कुणी त्याच सुरू करायला नकोत.

वर्तकनगर, ठाणे (सुरुवात मीच करते)

बाबांचं बीपी दवाखान्यात कायम १६०च्या घरात असायचं. डॉक्टर गोळी वाढवणार होते, पण त्याआधी म्हणाले, घरी आठवडाभर मोजून आणा. पद्धत केसपेपरच्या मागेच लिहून दिली. सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं शांत बसायचं आणि चहा-गोळीच्या आधी दोनदा मोजायचं, मध्ये एक मिनिट सोडून. रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा तसंच. पहिल्या दिवसाचे आकडे सोडायचे, बाकीच्यांची सरासरी काढायची.

सरासरी १२९/७६ आली. दवाखान्यात १४०/९० ही रेषा धरतात, घरच्या सरासरीसाठी मात्र १३५/८५, हेही तेव्हाच कळलं. गोळी होती तेवढीच राहिली. दवाखान्यात गेलं की बीपी चढणारी माणसं बरीच असतात म्हणे.

बाबांची वही अजून चालू आहे. वरचं, खालचं आणि नाडी असे तीन रकाने, चौथ्यात ‘झोप नाही’, ‘लग्नाचं जेवण’, ‘गुडघ्याची गोळी घेतली’ असल्या नोंदी. डॉक्टर आधी चौथा रकाना वाचतात. गुडघ्याच्या गोळीची नोंद त्यांनी तिथेच पकडली. काही वेदनाशामक गोळ्यांनी बीपी वाढतं.

नेरूळ

मी फक्त पट्ट्याबद्दल लिहिते, कारण आमचं सगळं त्याच्यावरच अडलं होतं.

आई अंगाने भरलेली. मशीनबरोबर आलेला पट्टा तिच्या दंडाला जेमतेम पुरायचा. हवा भरायला लागली की वेल्क्रो करकरत सुटायचा, आणि नाही सुटला तर १५५-१६०. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी शिंप्याची टेप काढली. खांद्याचं हाड ते कोपर यांच्या बरोबर मध्ये दंडाचा घेर मोजला, तो भरला ३५ सेंटिमीटर. आमच्या पट्ट्यावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं २२-३२. त्यांनी मोठा पट्टा लावून मोजलं तर १४२.

दुकानात ‘फ्री साइज आहे, सगळ्यांना बसतो’ असं छातीठोकपणे सांगितलं होतं, त्याचा मला अजून राग आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांचा २०२३चा एक अभ्यास आहे. ज्यांना एक्स्ट्रा लार्ज पट्टा लागतो त्यांना नेहमीचा लावला, तर वरचं बीपी सरासरी १९.५ने जास्त दिसलं. एवढ्या फरकावर माणसाला आयुष्यभराची गोळी लागू शकते. उलटही होतं, बारीक दंडाला मोठा पट्टा लावला की बीपी कमी दिसतं.

मशीन तेच ठेवलं, त्याच कंपनीचा २२-४२चा पट्टा वेगळा मागवला. दुसऱ्या कंपनीचा लावू नका. आतलं गणित मशीन आणि पट्टा मिळून बसवलेलं असतं.

कोपरखैरणे, मेडिकल स्टोअरमधून

गिऱ्हाइकं पहिलं विचारतात ‘ओम्रॉन घेऊ का डॉ. मोरपेन?’ मी उलट विचारतो, कुणासाठी? दंड जाड आहे का? गरोदर आहे का? ठोके अनियमित आहेत का? त्यावरून मशीन ठरतं.

कंपनी मोठी म्हणून तिचं प्रत्येक मॉडेल तपासलेलं असतं असं नाही. तपासणी मॉडेलची होते. स्ट्राइड बीपी नावाची आंतरराष्ट्रीय यादी आहे, फुकट बघता येते. तीत प्रौढ, मुलं आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी कोणती मॉडेल्स पारखलेली आहेत ते वेगवेगळं दिलंय. खोक्यावरचा मॉडेल नंबर तिथे शोधा. आपल्याकडे ही मशीनं २०२१पासून औषध नियंत्रणाच्या कक्षेत आहेत, त्यामुळे आयात किंवा उत्पादन परवान्याचा नंबर खोक्यावर बघून घ्या.

भावाचं म्हणाल तर एमआरपी बघून हबकू नका. जुलै २०२१मध्ये सरकारने बीपी मशीन, ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, नेब्युलायझर आणि डिजिटल थर्मामीटर यांच्यावरच्या व्यापारी नफ्याला ठरावीक मुदतीसाठी ७० टक्क्यांची मर्यादा घातली होती. त्याआधी काय चालायचं ते आम्ही काउंटरच्या आतून बघितलंय. ब्लूटूथ, बोलणारा आवाज, रंगीत पडदा यांनी किंमत वाढते, अचूकपणा नाही. पैसे द्यायचेच तर मोठ्या पट्ट्याला आणि मेमरीला द्या. दोन माणसं वापरणार असतील तर दोघांची मेमरी वेगळी असलेलं घ्या, नाहीतर नवऱ्याचे आकडे बायकोच्या नावावर जातात.

मनगटाचं मशीन मी शक्यतो देत नाही. मनगट छातीच्या पातळीला धरावं लागतं, ते वयस्कर माणसाला जमत नाही. दंड फारच जाड असेल आणि कुठलाच पट्टा बसत नसेल तरच.

खारघर

मुलाने वाढदिवसाला बीपी दाखवणारं घड्याळ दिलं. हौसेने घातलं, पण कार्डिऑलॉजिस्टनी स्पष्ट सांगितलं की त्यावर औषध ठरवता येत नाही. युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शनच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनाही पट्ट्याशिवायच्या उपकरणांची शिफारस करत नाहीत. पावलं मोजायला घड्याळ, बीपीला दंडाचा पट्टा.

कळवा, घरी जाऊन शुश्रूषा करणारी परिचारिका

मशीन चुकीचं दाखवतंय म्हणून मला बोलावतात, आणि बहुतेक वेळा मशीनला काही झालेलं नसतं. परवाच एका आजोबांकडे गेले. दिवाणावर पाय लोंबकळत, पाठीला टेकू नाही, हात मांडीवर, सदऱ्याची बाही वर सरकवून दंडाला काचलेली, आणि पट्टा फुगत असताना आजी त्यांना विजेच्या बिलाबद्दल विचारत होत्या. १५८ आलं.

त्यांना जेवणाच्या टेबलापाशी खुर्चीत बसवलं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, सदरा काढून बनियनवर. टेबल बुटकं पडत होतं म्हणून त्यावर उशी ठेवून हात उचलला. दंडावरचा पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीला, त्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर, नळी आतल्या बाजूने. पाच मिनिटं पंख्याखाली गप्प. मग १४१, मिनिटाने १३८.

हाताची जागा लोक क्षुल्लक समजतात. २०२४चा एक अभ्यास सांगतो की टेबलावर टेकवण्याऐवजी हात मांडीवर असला तर वरचं बीपी सरासरी ४ने जास्त दिसतं, बाजूला लोंबत असला तर साडेसहाने. चहा, तंबाखू, विडी, जिने चढणं, यानंतर अर्धा तास तरी थांबा. लघवी तुंबलेली असली तरी बीपी वाढतं.

पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजा. फरक सारखा १०च्या वर येत असेल तर डॉक्टरांना सांगा, आणि पुढे जास्त दाखवणाऱ्या हातावरच मोजत राहा. डायलिसिसचा फिश्चुला (त्यासाठी ऑपरेशनने केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) असलेल्या हातावर पट्टा कधीही लावू नका. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

घणसोली

रबाळे एमआयडीसीत शिफ्ट ड्यूटी. कंपनीच्या मेडिकलमध्ये माझं बीपी दरवर्षी नॉर्मल. बायकोसाठी मशीन आणलं आणि सहज मोजलं तर १४८/९४. पुढेही तसंच येत राहिलं. दवाखान्यात नॉर्मल आणि घरी जास्त, असाही प्रकार असतो, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही असं डॉक्टर म्हणाले. मला काहीही त्रास नव्हता, मशीन नसतं तर कळलंच नसतं.

नाइटवाल्यांनी ‘सकाळी मोजा’चा अर्थ काय घ्यायचा? मला सांगितलं ते असं: झोपून उठाल ती तुमची सकाळ, मग दुपारचे तीन वाजलेले का असेनात. वहीत शिफ्ट लिहायची.

ऐरोली

सातव्या महिन्यात बीपी वाढायला लागलं म्हणून घरी मोजायला सांगितलं. गरोदरपणासाठी वेगळं पारखलेलं मॉडेल लागतं हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दुकानात नाही. त्यांनी फ्रिजवर लावायला कागद दिला होता. १४०/९० किंवा त्यावर आलं तर थोड्या वेळाने परत मोजून फोन करायचा. १६०/११० आलं, किंवा डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, बरगड्यांखाली दुखलं, तर फोनचीही वाट बघायची नाही, निघायचं. एका रात्री नवरा म्हणाला, आकडा एवढा काही वाईट नाहीये, सकाळी बघू. माझं डोकं फुटत होतं. कागदावर लिहिलेलं होतं म्हणून वाद झाला नाही, आम्ही निघालो. मुलगी लवकर झाली, पण दोघी सुखरूप आहोत.

नौपाडा, ठाणे

वर कुणी पाऱ्याच्या मशीनबद्दल लिहिलेलं नाही म्हणून लिहितो. पाऱ्याच्या मशीनवर डॉक्टर स्टेथोस्कोपने आवाज ऐकतात. ते आवाज कोरोत्कोव्ह या रशियन शल्यविशारदाने १९०५मध्ये नोंदवले. घरचं मशीन आवाज ऐकत नाही. पट्ट्यातली हवा सुटताना नाडीमुळे जी सूक्ष्म थरथर होते ती पकडतं, आणि तिच्यावरून वरचा-खालचा आकडा हिशोबाने काढतं. म्हणून दोन्ही मशीनचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, आणि म्हणूनच हात हलला, कुणी बोललं की ‘एरर’ येतो.

जुनं पाऱ्याचं मशीन घरात असेल तर मुलांच्या हाती देऊ नका आणि कचऱ्यातही टाकू नका. पाऱ्याला आळा घालणाऱ्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारानुसार २०२०नंतर त्यांचं उत्पादनच थांबवायचं होतं, ते पारा विषारी असतो म्हणूनच.

सानपाडा

वडिलांच्या मशीनवर हृदयाचं चिन्ह लुकलुकायचं. सेल संपले असतील म्हणून बदलले, तरी तेच. माहितीपुस्तकात ‘अनियमित ठोके’ असा अर्थ सापडला. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं, ज्यात रक्ताची गाठ होऊन पक्षाघाताचा धोका असतो. चिन्ह एखाद्वेळी आलं तर हात हलला असेल, पण वारंवार आलं तर ईसीजी काढाच. आता त्यांचं दर वेळी तीनदा मोजतो, कारण ठोके अनियमित असले की एका आकड्यावर विसंबता येत नाही.

कासारवडवली, घोडबंदर रोड

थोडं वेगळं लिहिते. ह्यांना मोजण्याचा ध्यास लागला होता. जेवणाआधी, जेवणानंतर, ट्रॅफिकमधून आल्या आल्या, रात्री जाग आली की. आकडा बघायचा, घाबरायचं, घाबरल्यावर पुन्हा मोजायचं, तो आणखी वर. शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं की पुढच्या भेटीच्या आधीचा एक आठवडा तेवढा मोजा, एरवी मशीन वहिनींकडे द्या. ते आता माझ्या कपाटात असतं. ज्यांचा स्वभाव काळजीखोर आहे त्यांच्या घरच्यांनी हे आधीच ठरवून टाकावं.

कोपरी, ठाणे पूर्व

सासूबाई सकाळी उठल्यावर भोवळ येऊन पडल्या. बसून बीपी उत्तम होतं. डॉक्टरांनी उभं करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला मोजलं, वरचं २०पेक्षा जास्त उतरलं. औषधांची वेळ बदलल्यावर त्रास थांबला. म्हाताऱ्या माणसांचं उभ्यानेही मोजायला डॉक्टरांना सांगा, आणि त्या वेळी शेजारी कुणीतरी हवंच.

एक शंका आहे. मशीन बरोबर दाखवतंय हे कसं ओळखायचं? आणि एकदम १८० आलं तर?

कळवा (परिचारिका), कोपरीच्या ताईंना

वर्षातून एकदा मशीन पट्ट्यासकट दवाखान्यात न्या. त्यांच्या आणि तुमच्या मशीनवर एकाच हातावर आलटून पालटून मोजायला सांगा. सारखा दहाच्या आसपास फरक येत असेल तर सर्व्हिस सेंटर. पट्टा गळतोय का, नळीला चीर आहे का तेही बघा. मशीनच्या आधी पट्टा जातो. पावसाळ्यात वापर नसेल तर सेल काढून ठेवा.

१८०/१२०च्या वर आलं आणि त्रास काही नाही, तर पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजा. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला, मनाने जादा गोळी देऊ नका. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, यातलं काही असेल तर पुन्हा मोजत बसू नका. १०८ला फोन करा. घोडबंदरकडून येताना गर्दीची वेळ असेल तर लांबच्या ओळखीच्या हॉस्पिटलचा हट्ट धरू नका, सोय असलेलं जवळचं गाठा. जाताना वही आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या.